सेवा म्हणजे तुमच्या तब्येतीची गोळी नव्हे

मोबाईल पालथे ठेवा. चहा नंतर मिळेल. आधी ऐकून घ्या, आणि मध्येच कुणी "पण बाई" म्हणून तोंड घालू नका.

तुम्हाला इथे का बोलावलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. देवनहळ्ळीच्या या नव्या सोसायट्यांमधली तुम्ही मराठी मुलं. कुणी पुण्याचं, कुणी सोलापूरचं, कुणी बेळगावचं. 2008 साली इथे विमानतळ आला आणि त्याच्यामागून हळूहळू तुम्ही आलात. या जूनमध्ये मोठ्या हौसेनं ग्रुप केलात. शनिवारी सकाळी जवळच्या सरकारी कन्नड शाळेत वाचनाचा तास, रविवारी सकाळी केरेच्या, म्हणजे गावतळ्याच्या, बांधावर सफाई आणि झाडं. पहिल्या शनिवारी शाळेच्या अंगणात गाडी लावायला जागा नव्हती. ऑगस्ट उजाडला आणि माणूस दिसेना. आरंभशूर मला नवे नाहीत. दर जूनमध्ये नव्या वहीची पहिली चार पानं किती सुंदर अक्षरात असतात आणि पाचव्यापासून काय होतं, ते मी आयुष्यभर तपासलंय. तेवढ्यासाठी मी आज आवाज चढवला नसता.

आवाज चढलाय तो परवा ग्रुपवर आलेल्या दोन निरोपांमुळे. एकानं लिहिलं, "व्हॉलंटियरिंगनं स्ट्रेस कमी होतो असं वाचून आलो होतो. दोन महिने झाले, काही फरक जाणवला नाही. ग्रुप सोडतोय." दुसरीनं लिहिलं, "या वीकेंडला माझी मेंटल हेल्थ आधी, सॉरी." आणि खाली तुम्हा सगळ्यांचे बदाम. एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, शाळेतली ती पोरं काय तुझा ताण उतरवायला बसवली आहेत? मालिशवाला बदलावा तसा तू गाव बदलणार का?

वाचून आलो म्हणता, तर नीट तरी वाचायचं होतं. 2020 साली अमेरिकेत पन्नाशीपुढच्या सुमारे 13,000 लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला निदान 100 तास, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास, स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका कमी दिसला. हिंडण्याफिरण्याच्या अडचणी कमी, हताशपणा आणि एकटेपणा कमी, आपल्या जगण्याला काही कारण आहे ही भावना जास्त. एवढं तुम्ही वाचलंत. त्याच अभ्यासात पुढे हेही आहे की मधुमेह, उच्च रक्तदाब, पक्षाघात, हृदयविकार, कॅन्सर यांत फरक सापडला नाही. ते येईपर्यंत तुमचं बोट पुढच्या रीलवर गेलं असणार. 2013 च्या एका लहान अभ्यासात वर्षाला 200 तास काम करणाऱ्यांना रक्तदाब जडण्याचा धोका कमी आढळला होता, नंतरच्या या मोठ्या अभ्यासात तो तसा दिसला नाही. तेव्हा "झाडू मारला की बीपी उतरतो" असले निरोप पुढे ढकलणं बंद करा. गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवा.

आणखी ऐका. 2013 सालीच इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी असे चाळीस शोधनिबंध एकत्र तपासले. माणसांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या अभ्यासांत स्वयंसेवक जास्त जगताना दिसले, मनानंही बरे दिसले. पण निम्म्यांना काम द्यायचं, निम्म्यांना नाही, आणि मग फरक मोजायचा, अशा प्रयोगांत त्याला पक्का दुजोरा मिळाला नाही. त्याचं एक कारण तुम्हालाही सुचायला हवं. ज्याचे गुडघे धड आहेत, ज्याच्या हाताला थोडा वेळ आणि खिशात चार पैसे आहेत, तोच मुळात केरेवर येतो. तो आधीच ठणठणीत असतो आणि श्रेय मिळतं झाडूला. इंजिनियर म्हणवता ना, मग कार्य आणि कारण यांची गल्लत मी समजावून सांगायची का?

याचा अर्थ सगळं थोतांड आहे असाही नाही. कॅनडात दहावीच्या 106 मुलांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांनी आठवड्यातून एकदा, दोन महिने, धाकट्या शाळेतल्या मुलांबरोबर काम केलं, बाकीचे थांबले. शेवटी काम केलेल्या मुलांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल, शरीरातला दाह दाखवणारा एक घटक आणि वजनाचा निर्देशांक इतरांपेक्षा कमी भरला. आता लक्ष द्या. सगळ्यांत जास्त फायदा कुणाला झाला? ज्यांची दुसऱ्याबद्दलची कणव सगळ्यांत जास्त वाढली, त्यांना. जो फक्त हजेरी लावून आला त्याचं नाव त्या यादीत वर नव्हतं.

आणि 2012 चा तो विस्कॉन्सिनचा अभ्यास तर तुमच्या दारावर चिकटवायला हवा. म्हाताऱ्या माणसांना विचारलं होतं, स्वयंसेवा का करता? चार वर्षांनी कोण हयात आहे ते पाहिलं. स्वयंसेवा न करणाऱ्यांपैकी 4.3 टक्के गेले होते. स्वतःला बरं वाटावं, स्वतःची चिंता विसरावी म्हणून करणाऱ्यांपैकी 4 टक्के. दुसऱ्यासाठी करणाऱ्यांपैकी 1.6 टक्के. आकडे समोर आहेत. स्वतःचं भलं व्हावं म्हणून जो केरेवर आला तो घरी लोळत पडलेल्याच्याच रांगेत जाऊन बसला. तुमच्या त्या "काही फरक जाणवला नाही"चं उत्तर इथे आहे, आणि ते मिळालं म्हणून बदाम पाठवू नका.

आता शाळेबद्दल. तिथे पहिली ते तिसरीला नली-कली चालते, हे तुमच्यातल्या किती जणांनी बाईंना विचारलं? मुलं गटागटानं बसतात, कार्डं घेऊन आपापल्या पायरीनं पुढे सरकतात. कर्नाटकानं ही पद्धत घडवायला वर्षं घातली. तुम्ही मात्र गेलात, सगळ्या गटांची मोडतोड करून मुलांना रांगेत बसवलंत, इंग्रजी गाणं म्हणवून घेतलंत, व्हिडिओ काढलात आणि साडेदहाला निघालात. बिसियूटाची, म्हणजे शाळेतल्या जेवणाची, घंटा होईपर्यंतसुद्धा कुणी थांबलं नाही. मागे विस्कटलेली कार्डं त्या बाई एकट्या लावत बसल्या.

गेल्या शनिवारी मी स्वतः गेले होते. तिसरीतली एक पोर फाटकाशी पाटी घेऊन उभी. पाटीवर स्वतःचं नाव इंग्रजीत काढलेलं, त्यातला एस उलटा. पुसून पुन्हा काढल्यामुळे पाटी पांढरी झालेली. मला म्हणाली, "अक्का यावाग बर्तारे?" अक्का कधी येणार. अक्कानं तिला सांगितलं होतं, पुढच्या वेळी नाव लिहून दाखव, मी तुला हत्तीचं पुस्तक आणते. ती "पुढची वेळ" जुलैत होती. अक्का आज इथे बसली आहे, मान खाली घालून. घाल, पण नुसती मान घालून भागणार नाही. तुझी मेंटल हेल्थ आधी, हे मला मान्य आहे. आजारी असशील तर घरी राहा, डॉक्टरकडे जा, मी डबा आणून देईन. पण मग शाळेत एक फोन करायचा होता. मोठ्या माणसांनी शब्द देऊन न पाळणं म्हणजे काय, हे त्या पोरीला आठव्या वर्षी तू शिकवलंस. तिच्या तब्येतीचा हिशोब कुठल्या अभ्यासात मांडायचा?

मुख्याध्यापिका काय म्हणाल्या सांगू? "वीस जण नकोत. वर्षभर येणारा एक पाठवा." एवढंच म्हणाल्या. रागावल्याही नाहीत. त्यांना तुमची सवय झाली आहे, ही लाजेची गोष्ट आहे.

केरेची तीच कथा. तालुक्याला बारमाही नदी नाही. सगळा भार तळ्यांवर आणि खोल खोल गेलेल्या बोअरवेलवर. इथला पाऊस सह्याद्रीसारखा जूनपासून कोसळत नाही, त्याचा खरा जोर ऑगस्ट ते ऑक्टोबर. जूनमध्ये लावलेल्या रोपाला मधले दोन महिने हातानं पाणी घालावं लागतं आणि शेळ्यांपासून राखावं लागतं. गावातल्या कुठल्याही अज्जानं हे फुकट सांगितलं असतं. तुम्ही रोपं लावलीत, फोटो काढलेत, कॅन घेऊन परत कुणी फिरकलं नाही. रोपं वाळली, उरली ती शेळ्यांनी खाल्ली. टी-शर्ट मात्र टिकले आहेत. त्यांच्यावर ग्रुपचं नाव छापायला जेवढा खर्च आला तेवढ्यात काटेरी कुंपण झालं असतं.

याच बेंगळुरूत 2010 पासून द अग्ली इंडियन म्हणून लोक काम करतात. चर्च स्ट्रीटवरून सुरुवात केली. कचऱ्याचा एक कोपरा धरायचा, साफ करायचा, रंगवायचा, आणि पुन्हा घाण होत नाही ना हे बघायचं. नाव सांगायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही. त्यांचं ब्रीदच आहे, काम चालू, मुंह बंद. तुमच्याकडे तोंड चालू आणि काम बंद.

लांबचं कशाला, याच तालुक्यातलं घ्या. चन्नरायपट्टण होबळीतल्या 13 गावांची 1,777 एकर जमीन सरकार घेणार होतं. तिथले शेतकरी 4 एप्रिल 2022 ला धरणं धरून बसले आणि 15 जुलै 2025 ला सरकारनं माघार घेईपर्यंत हटले नाहीत. 1,198 दिवस. त्यात बायका होत्या, म्हातारे होते. तो त्यांच्या पोटाचा प्रश्न होता, तुमचा नाही, कबूल. पण ज्या मातीत लोक तीन वर्षं उन्हात बसतात, तिथे तुम्ही सहाव्या रविवारी "एनर्जी लो आहे" म्हणता, तेव्हा निदान आवाज खाली ठेवा.

आणि भाषा. गणपतीत स्टेजवर उभं राहून सांगता, 1638 नंतर बेंगळुरू शहाजीराजांची जहागीर होती, आपलं इथलं नातं जुनं आहे. नातं एवढं जुनं, आणि शाळेतल्या आयाबाईंशी कन्नडमधून चार वाक्यं बोलता येत नाहीत? केरेवर जाता तेव्हा मराठीत आपापसांत खिदळता, गावकरी बांधावर उभे राहून बघतात. तुम्ही गावात गेलाच नाहीत, सहल काढलीत. स्वयंसेवेनं माणूस बरा होत असेल तर तो अनोळखी माणसांशी लागाबांधा जुळतो म्हणून. कुणीतरी आपली वाट बघतं, आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडतं, हे कळतं म्हणून. तो धागा भाषेशिवाय जुळायचा कसा? "ऊट आयता" एवढं तरी शिका. जेवण झालं का, हे विचारायला व्याकरण लागत नाही.

आता तुम्ही दोघं. मागे तोंड लपवू नका. बाकीच्यांची खरडपट्टी चालली म्हणून तुम्ही मनातल्या मनात खूश आहात, कारण तुम्ही एकही रविवार चुकवलेला नाही. तुमच्यासाठी वेगळं आहे आणि ते जास्त कडक आहे. रात्री अमेरिकेशी कॉल, पहाटे चार तास झोप, शनिवारी शाळा, रविवारी केरे, मधल्या वारी रक्तदानाची यादी आणि कुणाच्या तरी दवाखान्याची धावपळ. डोळ्यांखाली काळं पडलंय. एकाला बांधावर भोवळ आली आणि तो ते अभिमानानं सांगतो! घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला माझी ना नाही, पण आधी घरचं खा तरी.

2008 साली ऑस्ट्रेलियात साठीपुढच्या दोन हजारांवर लोकांचा अभ्यास झाला. वर्षाला 100 ते 800 तासांच्या दरम्यान काम करणारे मनानं सगळ्यांत बरे. त्याहून कमीवाले घसरलेले, आणि त्याहून जास्तवालेही घसरलेले. अति तेथे माती. 2021 च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत याच शहरात कितीतरी पोरांनी बेड आणि ऑक्सिजन शोधत रात्री काढल्या. फोनच्या पलीकडे माणूस जातोय हे ऐकत त्यांनी पुढचा नंबर फिरवला. त्यातले काही नंतर महिनोन्महिने झोपू शकले नाहीत, आणि "मी तर नुसता फोन करत होतो" म्हणून कुणाला बोललेही नाहीत. दुसऱ्याचं दुःख रोज अंगावर घेणाऱ्यालाही मदत लागते. मनाच्या आजारांचं निम्हान्स याच शहरात आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

बाबा आमट्यांचं नाव पुढे करू नका. मला ठाऊक आहे, तुम्ही तेच करणार. मणक्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नसे. उभं राहायचं नाहीतर आडवं व्हायचं. तशा अवस्थेत 1985 साली ते भारत जोडो यात्रेला निघाले. पण ती किंमत त्यांनी उघड्या डोळ्यांनी मोजली, आणि आनंदवन एका पाठीवर उभं राहिलं नाही. साधनाताई होत्या, स्वतः कुष्ठरोगातून उठलेली शेकडो माणसं होती, नंतर मुलं, सुना, नातवंडं. तुम्ही मात्र कुणाला काम देत नाही, किल्ली सोडत नाही, आणि मग "कोणी करतच नाही" म्हणून कण्हता. त्यात सेवा किती आणि मीपणा किती, ते रात्री झोपण्याआधी तपासा. झोपत असाल तर.

काम देण्याआधी माणूस तयार करावा लागतो. केरळात कोळिकोडला 1993 साली पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली. तिच्यातून गावोगावी स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं, शेजारी शेजाऱ्याच्या अंथरुणापाशी जाऊ लागले. पण आधी रीतसर शिकून, अनुभवी माणसाबरोबर घरं फिरून, मग. तुम्ही नव्या पोरीला पहिल्या दिवशी हातमोज्यांशिवाय केरेच्या गाळात उतरवलंत. काच लागली तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन कुठे मिळेल हे कुणाला माहीत नव्हतं. प्यायला पाणी नव्हतं. आणि हे सगळं "वेलनेस" या नावाखाली!

शेवटचं, आणि ते तुमच्या घरातलं. क्लबहाऊसच्या बाकांवर संध्याकाळी कोण बसलेलं असतं बघा. तुमचे आईवडील. नातवंडं सांभाळायला म्हणून नगरहून, साताऱ्याहून आणलेली माणसं. त्यात निवृत्त मुख्याध्यापक आहेत, नर्स आहेत, पोस्टमास्तर आहेत, शेतकरी आहेत. इथे त्यांना भाषा येत नाही, शेजार माहीत नाही, दिवस जात नाही. मघाशी सांगितलेले अभ्यास पुन्हा आठवा, एक कॅनडाचा सोडला तर ते बहुतेक कुणावर केले होते? पन्नाशी-साठीपुढच्यांवर. पुरावा सगळ्यांत भक्कम आहे तो त्यांच्यासाठी, आणि तुम्ही त्यांना ग्रुपमध्ये घेतलंसुद्धा नाही. "आई दमेल" म्हणता. आई बसून दमली आहे. आणि त्या बाकांवरच्या मंडळींनाही माझं तेच सांगणं आहे. गुडघ्यांच्या आणि सुनांच्या कहाण्या पुरे झाल्या. रोपाला पाणी घालायला, पोराची पाढ्यांची उजळणी घ्यायला कन्नड पंडित व्हावं लागत नाही.

आता नियम. लिहून घ्या, पुन्हा सांगणार नाही.

आठवड्याला दोन तास, एकच काम, एक वर्ष. कॉलेजात एनएसएसचे वर्षाला 120 तास सर्टिफिकेटसाठी भरलेत, हे त्याहून कमी आहे. ज्याला वर्ष झेपणार नाही त्यानं सुरू करू नये. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी शाळेला कळवायचं, ग्रुपला नव्हे. काय हवं ते गावाला आणि शिक्षिकेला विचारायचं, आपण ठरवायचं नाही. मुलांचे फोटो बंद. हातमोजे, पाणी, प्रथमोपचाराची पेटी यांशिवाय केरेवर कुणी उतरणार नाही. ज्याची झोप झाली नाही त्याला मी फाटकातून परत पाठवीन. दोघांच्या खांद्यावरचं ओझं आठ जणांत वाटलं जाईल, आणि तुम्ही दोघं एक महिना घरी बसाल. हा हुकूम आहे.

तब्येत सुधारली का, हे कुणी विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. सुधारायची असेल तर सुधारेल. नाही सुधारली तरी त्या पोरीचा एस सरळ झाला पाहिजे.

वही इथे टेबलावर ठेवली आहे. वर्षभर येणाऱ्यानं नाव लिहावं, बाकीच्यांनी ग्रुपमधलं आपलं नाव आज रात्री काढून टाकावं. हत्तीचं पुस्तक शनिवारी सकाळी साडेआठला शाळेत पोचलं पाहिजे.